चाकं काढायचा ठराव

युनूस, तू अमर झालास. पंधरा दिवसांपूर्वी, मंगळवारी दुपारी चार वाजता, दूध संघाच्या आवारात, सर्वानुमते. खरं म्हणजे तीनलाच व्हायचा होतास, पण चेअरमन सिरसाळ्याच्या एका लग्नात अडकले आणि तुझ्या अमरत्वाला तासभर उशीर झाला. तेवढ्या वेळात तुझ्या फोटोवरचा हार उन्हानं माना टाकायला लागला, म्हणून शिपायानं त्यावर तांब्याभर पाणी मारलं. तू असतास तर त्याला तिथेच झापलं असतंस. मीही झापणार होतो, पण शोकसभेत मोठ्यानं बोलायचा मान वक्त्यांचा असतो.

आणि वक्ते पुष्कळ होते. एकानं तुला संघाचा आधारस्तंभ म्हटलं. हा स्तंभ संघानंच उपटून बाहेर फेकला होता, हे त्याला ठाऊक नसावं. ठाऊक असतं तरी त्यानं हेच म्हटलं असतं. दुसऱ्यानं तुला दोनदा युसूफभाई म्हटलं. दुसऱ्या वेळी तुझी लेक शबाना खुर्चीतून उठून म्हणाली, "युनूस." "तेच ते," वक्ता म्हणाला आणि पुढे निघाला. तिसऱ्यानं तुझ्या निमित्तानं स्वतःच्या वडिलांच्या आठवणी सांगितल्या. त्या खरोखर चांगल्या होत्या.

मग चेअरमन उठले. त्यांचा आवाज तुला आठवत असेल. समोर लाउडस्पीकर असला तरी ते त्याच्यावर विसंबत नाहीत. "युनूस मिस्त्रींनी दुष्काळात ज्या गाडीतून पाणी वाटलं, ती चालतीफिरती गंगा आपण संघाच्या दारात कायमची उभी करणार आहोत!" म्हणजे सिमेंटचा चौथरा, चौथऱ्यावर गाडी, गाडीवर तुझं नाव, नावाखाली त्यांचं. चोरीला जाऊ नये म्हणून चाकं काढायची. पोरांनी आत काही टाकू नये म्हणून टाकीचं तोंड वेल्डिंगनं बंद करायचं. वरून गुलाबी रंग. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ही शोकसभा असल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलं आणि सगळे दोन मिनिटं उभे राहिले.

मीही उभा राहिलो. रागानं मी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. शेजारच्याला वाटलं, मला दुःख आवरत नाहीये. त्यानं मला आधार दिला.

एका चाकात हवा कमी असली तरी तू जेवणाचा डबा उघडत नव्हतास. त्या गाडीची चारही चाकं काढायची.

ही गाडी आपल्याकडे कशी आली, ते त्या मांडवात कुणी सांगितलं नाही. सांगायला मी होतो, पण मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं. मी संघाचा सेक्रेटरी, तीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिणारा. तू वाहन विभागातला मिस्त्री. ही गाडी गावोगावचे दुधाचे कॅन गोळा करायची; मागून बंद, नुसता पत्र्याचा डबा. मोठ्या दुष्काळात लोकांनी जनावरं विकली, दूध आटलं आणि संघानं वाहन विभाग बंद केला. तू चौसाळ्याला हायवेच्या कडेला गॅरेज टाकलंस. गाडी संघाच्या लिंबाखाली गंजत उभी राहिली आणि शेवटी भंगारात निघाली. मी रिटायर झालो त्याच महिन्यात तिचा लिलाव झाला. मी घेतली. आरसी बुकावर मात्र संघाचंच नाव राहिलं, कारण नाव बदलायला संघाची 'हरकत नाही' अशी चिठ्ठी लागते आणि चेअरमन दर वेळी म्हणायचे, "बघू." चौथऱ्याचा ठराव करायचा अधिकार त्यांना आला तो या 'बघू'मधून.

गाडी कशाला घेतली, असं माझ्या बायकोनं, सुमननं विचारलं तेव्हा मी तिला एका मासिकातला लेख दाखवला होता. एका जोडप्यानं अशाच गाडीत घर केलं होतं. पलंग, चूल, पाणी, दिवा, सगळं आत. जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबायचं. लेखाखाली अत्यावश्यक सामानाची यादी होती. ती मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढली, चोवीस कलमं, आणि चौसाळ्याला तुझ्याकडे घेऊन आलो. तू एका जीपखाली आडवा होतास. तिथूनच हात बाहेर काढून यादी घेतलीस.

"यात कॉफीचं मशीन हाय," जीपखालून आवाज आला.

"ते ऐच्छिक आहे."

"अन् हवा कुठं हाय?"

"कसली हवा?"

"सेक्रेटरी, आपलं ऊन, पत्र्याचा डबा, अन् तुमी आत झोपणार. शबाना तुमाला पापडागत बाहेर काढील."

मग तू बाहेर आलास आणि तुझी ती पद्धत मला पहिल्यांदा कळली. कुठल्याही गाडीला काही बसवायच्या आधी तू मालकाला त्या गाडीत भर दुपारी बारा ते एक नुसता बसवायचास, दार लावून. "काय पाहिजे ते गाडीच सांगती," म्हणायचास. मला उलट्या कॅनवर बसवलंस. तासाभरानं मी बाहेर आलो तेव्हा माझा शर्ट पिळून घ्यावा लागला. चोवीसातली अठरा कलमं मी न सांगता खोडली आणि वर हवा लिहिली. उरली ती हवा, सावली, पाणी, झोप, चूल, वीज आणि आडोसा. मासिकवाल्यांना हे कुणी कॅनवर बसवून शिकवलं नव्हतं.

तू जे केलंस ते मी जवळून पाहिलं आहे आणि त्यातलं एकही काम शोकसभेत निघालं नाही, म्हणून इथे लिहितो. बंद पडलेल्या शीतकेंद्राच्या भिंतींचे तुकडे भंगारवाल्याकडे पडले होते. दोन पत्रे आणि मध्ये फोम. ते तू गाडीला आतून बसवलेस. "दूध गार ठेवाय केलते. आता सेक्रेटरी गार ठेवू." छताला पंख्यासाठी भोक पाडायला निघालास तेव्हा मी आडवा आलो. पाऊस आत येईल म्हणालो. "येऊ द्या की. आपल्याकडं त्याची भीती कावून धरता?" बॅटऱ्या दोन बसवल्यास. एक गाडीची, एक माणसांची, मध्ये तोडायचा खटका. माणसानं पंखा लावून झोपावं आणि सकाळी गाडी ढकलत बसावी, असं व्हायला नको. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक ठेवलंस, कारण गॅस जड असतो आणि खाली बसतो. "पुढाऱ्यावानी वर तरंगत न्हाई." आग विझवायचं नळकांडं मी चुलीशेजारी टांगलं होतं. ते तू काढून दाराशी लावलंस आणि रागाच्या भरात म्हणालास, "आग लागल्यावर आगीकडं कोण जाईल बे?"

तेवढं 'बे' एकदाच. एरवी तू मला कायम 'तुमी' म्हणायचास. आता पुरे कर, असं मी सांगितलं तेव्हा म्हणालास, "तुमी म्हणलं की तुमाला शिव्या घालाय बरं पडतं."

आपल्या भांडणांपैकी दोन अजून मिटलेली नाहीत. पहिलं टाकीचं. मासिकात दोन माणसांना साठ लिटर पाणी पुरे, असं होतं. तू शीतकेंद्राची स्टीलची टाकी उचलून आणलीस, तीनशे लिटरची. मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर बसवलीस, आत आडव्या पट्ट्या घातल्यास, कारण ब्रेक मारला की गाडी थांबते, पाणी थांबत नाही. टाकीनं माझी पुस्तकांची जागा खाल्ली. मी चिडून विचारलं, दोघांना तीनशे लिटर कशाला? तू पाना पुसत म्हणालास, "दोघंच राहणार कावून?" मला ते उत्तर वाटलं नाही. आता वाटतं.

दुसरं भांडण पंपाचं. मला विजेचा पंप हवा होता, नळ फिरवला की पाणी. तुला हातपंप हवा होता. "मोटर जळली तर पाणी टाकीत अन् आपण तहानलेले." मी तुला मागासलेला म्हटलं. तू विजेचा पंप बसवलास आणि मला न विचारता पलंगाच्या कडेला हातपंपही बसवलास. त्या दांड्याला माझा गुडघा लागला नाही असा एकही दिवस गेला नाही. शेवटपर्यंत मी तो काढ म्हणत होतो आणि तू "काढतो" म्हणत होतास.

दिशेचा प्रश्न मात्र मिटला. तो सोडवायला तिघं लागले. पलंग गाडीच्या लांबीत होता. सुमन म्हणाली, उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही. तू म्हणालास, पश्चिमेला, नमाजाच्या दिशेला, पाय करून झोपायचं नाही. मी या असल्या गोष्टी मानत नाही, त्यामुळे माझं मत कुणी विचारलं नाही. तुम्ही दोघांनी चहा पीत हिशोब लावला आणि दोघांना चालेल अशी दिशा निघाली, डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला. पलंगाचं उशाकडचं टोक ड्रायव्हरच्या बाजूला असल्यामुळे गाडी नेहमी दक्षिणेला तोंड करून उभी करायची, असं ठरलं. जगात कुठल्याही मासिकाच्या यादीत नसेल, पण आपल्या गाडीतलं पहिलं अत्यावश्यक सामान होकायंत्र होतं. तू ते स्टिअरिंगशेजारी स्क्रूनं बसवलंस.

खटक्यांखाली नावं मी लिहावीत, असं तू म्हणालास. पंखा, दिवा, पंप. मी रंगाची कांडी घेऊन लिहीत होतो आणि तू मागे उभा होतास.

"तुमचं अक्षर लई देखणं हाय, सेक्रेटरी," तू म्हणालास. "माझ्या घरी एक कागद हाय त्या अक्षरातला."

मी 'पंप'वरचा अनुस्वार दिला आणि कांडी पुसली. त्यानंतर आपण शेकडो तास बोललो, दोन भांडणं तर वर्षानुवर्षं चालवली, पण त्या कागदाबद्दल एक शब्द नाही. म्हणून आता बोलतो.

तो कागद म्हणजे वाहन विभाग बंद केल्याच्या ठरावाची नक्कल. अकरा मिस्त्री कमी केले, त्यात तू. "सखोल चर्चेअंती" असं मी त्यात लिहिलं आहे. युनूस, चर्चा झालीच नव्हती. आपल्या संघाची रीत तुला ठाऊक नव्हती, कारण तू कधी सभेला बसला नाहीस. सभा सुरू व्हायच्या आधी रजिस्टर फिरतं. कोऱ्या पानाच्या तळाला सगळे सह्या करतात, मग चहा येतो, मग एकेकाची गाडी येते. वर काय ठरलं ते सेक्रेटरी सवडीनं लिहितो. चेअरमननी मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं आणि मी लिहिलं. त्या दिवशी सभेत विषय निघाला होता तो शेजारच्या तालुक्यातल्या जावळाच्या जेवणाचा. 'सखोल' हा शब्द माझा. तो कुणी सांगितला नव्हता. वाक्याला वजन यावं म्हणून मी घातला.

तरी तू माझी गाडी घरासारखी बांधलीस. हे मला नीट कळलेलं नाही आणि त्याबद्दल तुझे आभार मानायला मी कधी आलो नाही.

गाडी तयार झाली तेव्हा कुठे जायचं, हे तुझं आधीच ठरलेलं होतं. आंबोली. "जिथं लोक पावसाला शिव्या देत्यात, ते गाव बघायचंय." सुमननं सांगितलं, नव्या गाडीचा आधी लिंबागणेशच्या गणपतीला नारळ फोडा. तू म्हणालास, फोडू, वहिनी, तेवढंच वाटेत खोबरं. टाकी काठोकाठ भरली. नारळ फुटला. तिथून निघालो आणि पुढच्या वस्तीवर आटलेल्या बोअरपाशी बायका रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या दिसल्या. बोलत नव्हत्या, भांडत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या. तू गाडी थांबवलीस. गाडी वळवून दक्षिणेला तोंड केलंस, तेही सवयीनं. मग मागचं दार उघडलंस. टाकी रिकामी झाल्यावर आपण आंबोलीला निघालो नाही, चौसाळ्याच्या विहिरीवर परत भरायला निघालो.

आपली सहल तेवढीच. तो उन्हाळा गाडी त्या वस्तीवर आणि गुरांच्या छावणीवर गेली. दुपारी ज्या म्हाताऱ्या बाईला छावणीत ऊन सोसायचं नाही, ती आपल्या गाडीतल्या पलंगावर पंख्याखाली पडायची. सुमननं निवडलेली गुलाबाच्या फुलांची चादर तिला फार आवडायची. पुढच्या दुष्काळातही तेच झालं आणि यंदाही. तू आणि शबाना आळीपाळीनं गाडी न्यायचात. शबाना तुझ्यापेक्षा चांगली चालवते, असं मी म्हटलं की तू म्हणायचास, "ती माझ्याकडूनच शिकली, मंग मीच चांगला न्हाई का?"

चेअरमन छावणीवर एकदाच आले, मंत्री आले त्या दिवशी. येताना फ्लेक्स आणला, 'संघाच्या वतीने मोफत पाणी', त्यात त्यांचा चेहरा घागरीपेक्षा मोठा. आपल्या गाडीला बांधला. एका बाईच्या हातात भरलेला पेला दिला, फोटो झाला, पेला परत घेतला. ते गेल्यावर मी तो फ्लेक्स फाडायला निघालो होतो. तू म्हणालास, "राहू द्या. कापड चांगलं हाय." दुसऱ्या दिवशी तो गाडीच्या बाजूला सावलीसाठी बांधलास. छपाईची बाजू वर, उन्हाकडे. दोन महिन्यांत चेअरमन पांढरे पडले. सावली मात्र दाट होती.

तू गेलास त्या दिवसाबद्दल मी लिहीत नाही. ते शबानाला माहीत आहे आणि तिच्याकडेच राहू दे. मला आठवतं ते कबरस्तान. सुमननं संध्याकाळी विचारलं, कसं ठेवलं त्यांना? मी म्हणालो, उत्तरेला डोकं, दक्षिणेला पाय, तोंड पश्चिमेला. त्यांच्यात तसंच असतं. ती म्हणाली, "आपल्या गाडीत कधी झोपू दिलं नव्हतं मी त्यांना तसं." आणि आत जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी शबानाच्या लक्षात आलं की तू टाकी भरून ठेवली होतीस. ती गाडी घेऊन वस्तीवर गेली. दुखवटा मोडला म्हणून नातेवाईक बोलले. ती म्हणाली, पाणी अब्बानं भरलंय, मी फक्त पोचवायलेय.

तर असा तू. आणि तुझी चाकं काढायला निघालेले ते.

पण युनूस, एक गोष्ट त्यांच्याही लक्षात आली नाही आणि माझ्याही उशिरा आली. सभा संपल्यावर चेअरमननी रजिस्टर माझ्या हातात दिलं. "नव्या सेक्रेटरीला भारदस्त लिहिता येत नाही. शोकप्रस्ताव आहे, तुमच्या अक्षरात येऊ द्या." मी घरी येऊन उघडलं. अख्खं पान कोरं. तळाला सतरा सह्या. पहिली चेअरमनची, सगळ्यांत मोठी.

तीन दिवस मी ते पान कोरंच ठेवलं. चौथ्या दिवशी चौसाळ्याला गेलो. शबाना तुझ्या जागी, तुझ्यासारखीच एका जीपखाली होती. बाहेर येऊन हात पुसत म्हणाली, "काका, काय लिहायलाव?"

"अजून काही नाही."

"अब्बाला चौथऱ्यावर नका चढवू. शिडीवर चढायला पण घाबरायचे. वरचं काम मलाच लावायचे." ती हसली. मग हसू गेलं. "वस्तीवरच्या बायांचे फोन यायलेत. चाकं काढल्यावर पाणी मी डोक्यावर नेऊ का?"

ती आत गेली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात आरसी बुक होतं, माझी चोवीस कलमांची यादी होती, आणि तो कागद. घड्यांवर फाटायला आलेला.

"हे पण तुमचंच अक्षर," ती म्हणाली.

"हो."

"अब्बा म्हणायचे, ज्यानं लिहिलं त्याला एकदा वाचून दाखवायचंय. पण गाडीचं काम निघालं, मग पाण्याचं निघालं. राहून गेलं."

"तू वाच."

तिनं उभ्या उभ्या अख्खा ठराव वाचला, अकरा नावांसकट. तुझं नाव सातवं. 'सखोल चर्चेअंती'पाशी थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. "झाली होती का चर्चा?"

"नाही," मी म्हणालो. एवढी वर्षं लागली या एका शब्दाला, आणि तोही तुझ्यापुढे नाही.

तिनं कागद परत घडी करून डब्यात ठेवला. रागावली नाही. रागावली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. म्हणाली, "चहा घ्या," आणि जीपखाली गेली.

त्याच संध्याकाळी मी पान लिहिलं. संघाचे माजी मिस्त्री दिवंगत युनूस यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ, लिलावात विकलेले सदर वाहन चाकांसह व टाकीसह त्यांची कन्या शबाना हिच्या नावे करण्यास संघाची हरकत नाही. सूचक, चेअरमन. सर्वानुमते मंजूर. 'सखोल चर्चेअंती' हे शब्द घातले नाहीत. त्या रजिस्टरमध्ये सभेत न झालेलं मी तीस वर्षं लिहीत आलो. हे त्यातलं शेवटचं. नकलेवर नव्या सेक्रेटरीकडून शिक्का घेतला. त्यानंही वाचलं नाही.

दोन दिवसांनी गाडी न्यायला क्रेन आली. शबानानं नक्कल दाखवली. क्रेन गेली आणि चेअरमनचा फोन आला.

"सेक्रेटरी, हे कधी ठरलं?"

"सभेत."

"मी तर चौथऱ्याचं बोललो होतो."

"ते भाषणात. ठरावात हे आहे. खाली तुमची सही आहे."

आजवर किती कोऱ्या पानांवर सह्या केल्या, ते चेअरमन आठवत असावेत. त्यातली किती पानं मी भरली, ते मीही आठवत होतो. मला वाटलं होतं, आता ओरडतील, आणि ओरडले तर काय काय बोलायचं ते माझं तयार होतं. अकरा नावं पाठ केली होती.

"सूचक कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"मग ठीक आहे. पेपरला बातमी द्या."

म्हणजे माझा राग माझ्याकडेच उरला, युनूस. तो कुठे ठेवायचा कळत नाही. अकरा माणसं कोऱ्या पानावर गेली आणि एक गाडी कोऱ्या पानावर परत आली, ही काही बरोबरी नाही. तूही हेच म्हणाला असतास आणि मग मला काहीतरी काम लावलं असतंस. म्हणून शबानानं लावलं. हल्ली एकाआड एक दिवस मी तिच्याबरोबर जातो. होकायंत्र बघून दिशा सांगायची, एवढं काम माझं. वस्तीवरच्या बायकांना वाटतं, दक्षिणेला तोंड केल्याशिवाय पाणी द्यायचं नाही असा सरकारी नियम आहे. मी खुलासा केलेला नाही. पाऊस झाला की, तुझ्या दुखवट्याच्या चाळीस दिवसांनंतर कधीतरी आंबोलीला जाऊ, असं शबाना म्हणते. सुमननं चादर धुऊन ठेवली आहे.

चौथरा बांधून झाला आहे. सध्या त्यावर दुधाचा एक रिकामा कॅन ठेवला आहे, गुलाबी रंग देऊन.

विजेचा पंप परवा जळाला. हातपंप चालतो.